वर्षअखेरची बाकी : पुण्याच्या दुकानदाराचा आढावा

आश्विनांतील अमावास्येची संध्याकाळ. रविवार पेठेंतील दुकानांच्या फळ्या अर्ध्या लागलेल्या, उंबऱ्यापाशीं रांगोळी, आंत पाटावर लाल बांधणीची कोरी वही, तिच्यावर हळदकुंकवाचीं बोटें, शेजारीं लाह्या-बत्तासे, धने-गूळ, नवी केरसुणी आणि घासून लखलखीत केलेला तराजू. दुकानाचा मालक पहिल्या पानावर श्रीकार काढतो, घरांतील मुलें बत्ताशांची वाट पाहत बसतात, आणि बाहेर फटाक्यांचे आवाज सुरू होतात. हा देखावा पुण्यांतील पुष्कळ घरांस परिचयाचा आहे. परंतु ज्या वस्तूकडे त्या वेळीं कोणाचेंच लक्ष जात नाहीं, ती मागच्या कपाटांत पडलेली असते. ती वस्तु म्हणजे जुनी वही. नव्या वहीची पूजा होण्यापूर्वीं जुनी वही मिटावी लागते, आणि ती मिटण्यापूर्वीं तिच्या शेवटच्या पानावर एक आंकडा लिहावा लागतो. त्या आंकड्यास बाकी म्हणतात. तो ठरविण्यासाठीं मालकानें आणि त्याच्या दिवाणजीनें आठ-पंधरा दिवस घालविलेले असतात. पूजा घटकेची, आढावा पंधरवड्याचा.

पुण्याच्या लहान व्यापाराचा इतिहास या आढाव्याच्या अंगानें पाहूं गेल्यास एक गोष्ट वारंवार दिसून येते. वर्षअखेरीस हातांत दिसणारी शिल्लक आणि धंद्याची खरी स्थिति या दोन भिन्न वस्तु होत. त्यांतील अंतर ज्यानें वेळेवर मोजलें, त्यालाच पुढील वर्षाचा बेत आंखतां आला.

वर्ष कोठें संपतें, या प्रश्नास पुण्यांत कधींच एक उत्तर नव्हतें. पंचांगाचें शालिवाहन शक चैत्र शुद्ध प्रतिपदेस बदले. सरकारी दप्तरांत सुहूर सन चाले. सूर्य मृग नक्षत्रांत गेला, म्हणजे जूनच्या आरंभीं, तो सन पालटे, म्हणून त्यास मृगसाल असेंही म्हणत. शिवाजीमहाराजांच्या राज्याभिषेकापासून, म्हणजे इ. स. १६७४ च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीपासून, राज्याभिषेक शक सुरू झाला होता. व्यापाऱ्याचें वर्ष मात्र दिवाळीच्या पाडव्यास, कार्तिक शुद्ध प्रतिपदेस, उघडे. गुजराथी पेढीवर त्याच दिवशीं विक्रम संवताचा आंकडा बदले. इतर दुकानदार संवत किंवा शक आपापल्या चालीप्रमाणें लिहीत, पण नवी वही बहुधा त्याच सुमारास घालीत.

या वरवरच्या गोंधळांत एक सरळ तत्त्व आहे. ज्याचें उत्पन्न ज्या ऋतूवर अवलंबून, त्याचें वर्ष त्या ऋतूस धरून चालतें. शेतकरी मृगावर पेरणी करतो, म्हणून साऱ्याचें साल मृगाचें. व्यापाऱ्याचे पावसाळ्याचे चार महिने सक्तीच्या विश्रांतीचे. घाट निसरडे, नद्यांस पूर, बैलांचे तांडे बसून. बोरघाटांतून गाड्यांचा रस्ता १८३० सालीं तयार झाला. तोंपर्यंत कोंकण आणि देश यांमधील माल मुख्यतः बैलांच्या पाठीवरून येई. आगगाडी पुण्यास १८५८ सालीं आली आणि बोरघाटाचा चढ तिनें १८६३ सालीं ओलांडला. त्यापूर्वीं व्यापाराचा हंगाम आभाळाकडे पाहूनच ठरे. दसऱ्यास रस्ते मोकळे व्हावे, खरिपाचें धान्य खळ्यांत यावें, आणि नव्या हंगामाची खरेदी सुरू होण्यापूर्वीं जुन्या हंगामाचा हिशेब मिटावा, यास दिवाळीइतका सोयीचा दुसरा मुहूर्त नव्हता. लक्ष्मीपूजन आणि वहीपूजन एकत्र आलीं, तीं अशा रीतीनें.

हिशेबाची शिस्त पुण्यांत दुकानाआधीं वाड्यांत आली असें म्हणण्याचें कारण नाहीं. पण वाड्याचे कागद टिकले, म्हणून ती तेथें अधिक स्पष्ट पाहतां येते. पेशवे दप्तर हा एका अर्थीं हिशेबाच्या कागदांचा डोंगरच आहे. पेशव्यांच्या फडांत दररोजच्या जमाखर्चाची रोजकीर्द लिहीत. तिच्यांतील रकमा खातेवार लावून खतावणी करीत. आणि सालअखेर सर्व मिळून ताळेबंद तयार होई. आज कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत छापला जाणारा हा शब्द त्याच दप्तरी परंपरेंतला आहे. परंतु त्याहूनही लक्षांत ठेवण्याजोगा शब्द म्हणजे बेहडा. पुढील सालीं अमुक महालांतून किती वसूल यावा, आणि त्यांतून कोणत्या बाबीवर किती खर्च व्हावा, याचा अंदाज मागील सालें पाहून बांधीत आणि तो मामलेदाराकडे धाडीत. त्या अंदाजास बेहडा म्हणत. ताळेबंद मागें पाहतो, बेहडा पुढें पाहतो. आणि पहिल्याच्या आंकड्यांवांचून दुसरा लिहितांच येत नाहीं. नाना फडणिसांचें नांव ज्या पदावरून रूढ झालें, त्या फडणिशीचें मूळ काम हिशेबाचेंच होतें.

वाड्यांतील ताळेबंदानें नेहमींच समाधान दिलें असें नाहीं. थोरले माधवराव १७६१ सालीं पेशवे झाले, ते पानिपतच्या आघातानंतर कर्जानें वांकलेल्या राज्याचे. त्यांनीं तें राज्य सांवरलें, निजाम आणि हैदर यांस पायबंद घातला. तथापि १७७२ सालीं थेऊर येथें अंथरुणास खिळले असतां मागें राहणाऱ्यांसाठीं त्यांनीं जीं कलमें लिहवून ठेविलीं, त्यांत राज्याचें कर्ज फेडून टाकावें हेंही होतें. त्याच वर्षीं १८ नोव्हेंबर रोजीं त्यांचा अंत झाला. विजयांची यादी मोठी असूनही त्या सत्तावीस वर्षांच्या पुरुषास शेवटीं देण्याच्या बाजूचा विसर पडला नाहीं.

दुकानदाराचा सारा फड एका गादीवर मावे. भवानी पेठ माधवरावांच्याच कारकीर्दींत वसली, पुढें नाना पेठ वसली, आणि धान्य, गूळ व इतर भुसार मालाचा घाऊक व्यापार त्या बाजूस वाढला. रविवार पेठेंत कापड, सराफी आणि बोहऱ्यांचीं दुकानें. कसब्यांत तांबट आळी. तुळशीबागेंत राममंदिराभोवतीं संसारोपयोगी वस्तूंचीं लहान लहान दुकानें. प्रत्येकाचें भांडवल निराळें, माल निराळा, गिऱ्हाईक निराळें. वहीची रीत मात्र बहुतेक एकच. रोजमेळाच्या पानाची डावी बाजू जमेची, उजवी नांवेंची. ज्यानें दिलें त्याच्या नांवावर जमा, ज्यानें नेलें त्याच्या नांवें. एवढ्या एका नियमावर सारी इमारत उभी. दिवेलागणीनंतर दोन्ही बाजूंच्या बेरजा करून कागदावरील शिल्लक गल्ल्यांतील रोकडीशीं ताडून पाहत, आणि ती जुळल्यावांचून दिवाणजी गादीवरून उठत नसे. दुसऱ्या दिवशींच्या पानावरील पहिली रकम म्हणजे आदल्या दिवसाची शिल्लक. मग त्याच रकमा खतावणींत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढत. लिपि बहुधा मोडी.

या कामास लागणारें गणित पंतोजीच्या शाळेंत तोंडपाठ होई. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पया. मणाचे चाळीस शेर. अशा मापांत व्यवहार करणाऱ्यास पूर्णांकांचे पाढे पुरत नाहींत. म्हणून मुलांकडून पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकून घेत. सव्वा आणा शेर दरानें साडेतीन शेर माल नेला तर किती, असें विचारतांच दहा वर्षांचा मुलगा चार आणे दीड पैसा असें उत्तर देई, आणि त्यासाठीं त्यास पाटी लागत नसे.

दिवाळी जवळ आली कीं दुकानाचा रंग पालटे. प्रथम माल मोजावयाचा. पोतीं वजन करून पाहावयाचीं, कापडाचे तागे उलगडून कसर लागलेले बाजूस काढावयाचे, फुटकें-तुटकें वेगळें करावयाचें. जो माल खरेदीच्या भावास विकला जाणार नाहीं, त्यास खरेदीचा भाव लावणें म्हणजे स्वतःचीच फसवणूक, हें जुने दुकानदार जाणून असत. नंतर येणें. खतावणींतील प्रत्येक खातें काढून त्याचे तीन वर्ग करीत : खात्रीचें, संशयाचें आणि बुडीत. ज्या खात्यावर व्याज ठरलें असेल त्यावर कटमितीनें, म्हणजे रकम जितके दिवस राहिली तितक्याच दिवसांचें, व्याज आकारीत. त्यानंतर देणें : घाऊक व्यापाऱ्याचें, सावकाराचें, गड्याच्या पगाराचें, जागेच्या भाड्याचें. आणि शेवटीं सर्वांत अवघड खातें, तें घरखर्चाचें.

या खात्याचें महत्त्व एका साध्या उदाहरणावरून कळेल. एखाद्या लहान दुकानाचें भांडवल वर्षारंभीं बाराशें रुपये आहे अशी कल्पना करावी. वर्षअखेरीस गल्ल्यांत पांचशें रुपये रोकड, वहीप्रमाणें दोन हजारांचा माल, पंधराशें येणें आणि सव्वीसशें देणें. वरवर पाहतां चार हजारांतून सव्वीसशें वजा जाऊन चौदाशें राहतात, म्हणजे भांडवल दोनशें रुपयांनीं वाढलें. गल्लाही भरलेला, मालक समाधानानें पेढे वांटील. पण आढावा खरा केला तेव्हां तीनशें रुपयांचा माल खराब निघाला आणि येण्यांतील चारशें बुडीत ठरले. आतां राहिले सातशें. म्हणजे भांडवलांतून पांचशें गेले. हे पांचशें गेले कोठें? घरखर्चाचें खातें पाहिलें, तर दरमहा चाळीसप्रमाणें वर्षांत चारशें ऐशीं रुपये घरीं गेलेले. याचा अर्थ उघड आहे. दुकानानें वर्षभरांत कांहींच मिळविलें नाहीं, उलट वीस रुपये गमावले. आणि घर भांडवल खाऊन जगलें. गल्ल्यांतील पांचशें रुपयांनीं ही गोष्ट झांकून ठेविली होती. वहीपूजनाच्या आधींच्या पंधरवड्यांत ती उघडकीस आली, तर पुढच्या दिवाळीपर्यंत उपाय करण्यास वेळ राहतो. न आली, तर तीन वर्षांत दुकानाच्या फळ्या कायमच्या लागतात, आणि आपलें काय चुकलें हें मालकास अखेरपर्यंत समजत नाहीं.

वहीस दुसरी बाजूही आहे, आणि तिची आठवण पुणें जिल्ह्यानेंच साऱ्या देशास करून दिली. १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें बाजाराच्या दिवशीं जमलेल्या शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत चढलेला कापसाचा भाव तें युद्ध संपतांच कोसळला होता. सरकारी सारा वाढला होता. आणि कर्ज फिटेनासें झालें होतें. दंगा पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. जमाव जागोजाग माणसांपेक्षां कागदांच्या मागें लागला. कर्जरोखे मागून घेऊन ते जाळणें हा त्याचा मुख्य हेतु होता. जी वही पेठेंतील दुकानदारास आरशासारखी वाटे, ती खेड्यांतील कुळास बेडीसारखी वाटत होती. कारण त्यास ती वाचतां येत नव्हती आणि दाखविलीही जात नव्हती. या दंग्याच्या चौकशीनंतर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. भरलेल्या पैशाची पावती आणि दरवर्षीं खात्याचा लेखी उतारा मिळण्याचा हक्क त्यानें कुळास दिला. सालअखेरचा आढावा हा धनकोचा खाजगी विधि न राहतां ऋणकोचाही हक्क ठरला. उधारीवर चालणाऱ्या प्रत्येक दुकानास यांत एक धडा आहे. गिऱ्हाइकास ज्या बाकीचा पत्ता नाहीं, ती बाकी वर्षअखेरीस कागदावर शाबूत असते, पण वसुलीच्या वेळीं भांडण होऊन उभी राहते.

याच सुमारास सरकारचीही नजर दुकानाच्या वहीवर पडूं लागली. प्राप्तीवरील कर प्रथम १८६० सालीं आला आणि १८६५ सालीं बंद झाला. पुढें १८८६ च्या कायद्यानें तो कायमचा झाला. वर्षास पांचशें रुपयांच्या आंत प्राप्ति असणारास माफी होती. ही मर्यादा इतकी खालीं होती कीं पुष्कळ लहान दुकानदार तिच्या तडाख्यांत सांपडत.

त्यांची बाजू कलकत्त्याच्या कायदेमंडळांत मांडली ती पुण्याच्याच एका गणिताच्या अध्यापकानें. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं २६ मार्च १९०२ रोजीं हिंदुस्थान सरकारच्या अंदाजपत्रकावर आपलें पहिलें भाषण केलें. सरकारच्या तिजोरींत त्या सालीं कोट्यवधि रुपयांची शिल्लक दिसत होती, आणि ती देशाच्या भरभराटीची खूण म्हणून दाखविली जात होती. गोखल्यांनीं तोच हिशेब उलगडून दाखविला. ज्या वर्षांत लोकांनीं दुष्काळ सोसला, त्या वर्षांत तिजोरी भरते याचें कारण भरभराट नसून कराचें ओझें आणि रुपयाचा कृत्रिमपणें चढविलेला भाव हें होय, असा त्यांचा मुद्दा होता. मिठावरील कर कमी करावा आणि प्राप्तीवरील कराच्या माफीची मर्यादा हजार रुपयांपर्यंत वाढवावी, अशी त्यांची मागणी होती. १९०३ सालीं मिठाचा कर मणास अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला आणि माफीची मर्यादा पांचशेंवरून हजारावर गेली. रविवार पेठेंतील दिवाणजी आणि कायदेमंडळांतील गोखले यांची रीत मुळांत एकच होती : खालच्या ओळींतील शिल्लक पाहून न थांबतां ती कोणाच्या खात्यांतून आली हें विचारावयाचें.

विसाव्या शतकांत आढाव्यास आणखी एक वाचक मिळाला. १९०६ सालीं पुण्यांत कॉसमॉस सहकारी बँक निघाली. बँक ऑफ महाराष्ट्रची नोंदणी १९३५ सालीं होऊन १९३६ सालीं तिचा व्यवहार सुरू झाला. १९३४ सालीं आ. रा. भट यांच्या खटपटीनें मराठा चेंबर ऑफ कॉमर्स ही व्यापारी-उद्योजकांची संस्था उभी राहिली. पूर्वीं दुकानदार कर्ज घेई तें ओळखीवर, घराण्याच्या नांवावर किंवा सोनें गहाण टाकून. बँक ताळेबंद मागते, आणि त्याबरोबर पुढील वर्षीं पैसा कशास लागणार आणि कसा परत येणार हेंही विचारते. म्हणजे पेशव्यांच्या फडांतील ताळेबंद आणि बेहडा ही जुनी जोडी लहान धंद्याच्या दारीं नव्या नांवानें आली. ज्यानें आढावा मनापासून केला होता त्यास ही विचारणा जड गेली नाहीं; ज्यानें केवळ पूजेपुरती वही ठेविली होती त्यास ती उपद्रव वाटली.

वहीचें बाह्य रूप याच शतकांत बदलून गेलें. मोडी मागें पडून देवनागरी आली. १ एप्रिल १९५७ रोजीं रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पाठोपाठ मण-शेर जाऊन किलो आले, आणि पावकी-निमकीची सारी विद्या एका पिढींत निरुपयोगी झाली. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्याच्या लोंढ्यानें खडकवासल्याचेंही फुटलें, आणि मुठेच्या कांठच्या पेठांत पाणी शिरलें. धान्य कुजलें, कापडाचा चिखल झाला. परंतु भिजलेल्या मालाहून भिजलेल्या वहीचें नुकसान मोठें. माल पुन्हां भरतां येतो. खतावणी गेली कीं लोकांकडील येणें केवळ त्यांच्या सचोटीवर उरतें, आणि आपलें देणें केवळ आपल्या. वर्षांतून एकदां बाक्यांची यादी वेगळ्या कागदावर उतरवून ती दुसऱ्या ठिकाणीं ठेवावी, हा जुन्या लोकांचा परिपाठ किती शहाणपणाचा होता, हें अशा वेळीं कळतें. आज वही संगणकांत असली तरी त्या यादीची गरज सरलेली नाहीं.

सर्वांत मोठा बदल मात्र तारखेचा झाला. सरकारचें आर्थिक वर्ष पूर्वीं १ मे रोजीं सुरू होई. १८६७ सालापासून तें १ एप्रिल रोजीं सुरू होऊं लागलें. तरी करासाठीं व्यापाऱ्यास आपलें दिवाळीचें वर्ष ठेवण्याची मोकळीक पुढें शंभरांहून अधिक वर्षें होती. ३१ मार्च १९८९ रोजीं संपणाऱ्या वर्षापासून ती मोकळीक संपली, आणि सर्वांसाठीं एकच वर्ष ठरलें. त्या संक्रमणांत दिवाळीचें वर्ष पाळणाऱ्या कित्येक पेढ्यांस एकच हिशेब बारा महिन्यांच्या पुढें ओढून मार्चअखेर न्यावा लागला. तेव्हांपासून पुण्याच्या दुकानदारास दोन वर्षअखेरी आहेत. एक मार्चांतली, कायद्याची. दुसरी आश्विनांतली, पूजेची. मार्चअखेरचा हिशेब करसल्लागाराच्या कचेरींत होतो. दिवाळींत वहीवर कुंकू लागतें, पण त्या वहींत पुष्कळदां पुढें कांहींच लिहिलें जात नाहीं.

यांत सोय झाली यांत शंका नाहीं. एकाच तारखेमुळें साऱ्या देशाचा हिशेब एका मापानें मोजतां येतो, आणि जाणत्या लेखनिकाच्या हातून चुकाही कमी होतात. परंतु एक गोष्ट निसटली. करासाठीं केलेला हिशेब सरकारच्या प्रश्नांचीं उत्तरें देतो : विक्री किती, खर्च किती, कर किती. कोणता माल तीन वर्षें हललेला नाहीं, कोणत्या गिऱ्हाइकाची उधारी दर वर्षीं थोडी थोडी वाढते आहे, घर दुकानाच्या जिवावर किती चालतें, आणि मुलगा या धंद्यांत येणार कीं नाहीं, हे प्रश्न त्या कागदावर नसतात. ते मालकानें स्वतः गादीवर बसून विचारावयाचे असतात, आणि दिवाळीपूर्वींचा पंधरवडा त्यांच्याचसाठीं होता.

त्यांची किंमत किती जबर असते, हें २०२० सालीं कळून आलें. त्या वर्षीं गुढीपाडवा २५ मार्चला होता, आणि देशभर टाळेबंदी लागू झाली तीही त्याच दिवसापासून. सरकारी वर्ष संपत आलें असतां लक्ष्मी रस्ता, तुळशीबाग आणि बोहरी आळी यांतील दुकानें बंद झालीं. सणाचा आणि लग्नसराईचा माल भरलेला, भाडें चालू, नोकरांचे पगार द्यावयाचे, आणि विक्री शून्य. धंदा किती चालतो हा प्रश्न त्या दिवसांत कोणी विचारला नाहीं. कांहींच न चालतां किती महिने उभें राहतां येईल, हा एकच प्रश्न उरला. ज्याचा नफा मालांत आणि उधारींत अडकला होता त्याची स्थिति कागदावर उत्तम आणि प्रत्यक्षांत बिकट होती. ज्यानें थोडी रोकड धंद्यापासून वेगळी काढून ठेविली होती त्यास श्वास घेण्यास सवड मिळाली. जुन्या दुकानदाराचा बेहडा चार महिन्यांचा पावसाळा धरूनच बांधलेला असे. रस्ते आणि आगगाडी आल्यावर पावसाळ्याचें भय गेलें, आणि त्याबरोबर तो हिशेब करण्याची संवयही गेली.

तेव्हां वर्षअखेर मार्चांत करावी कीं आश्विनांत, हा वाद आतां उरलेला नाहीं; कायद्यानें तो मिटविला आहे. उरतो तो आढाव्याचा क्रम, आणि तो पेठेंतील दिवाणजीच्या वेळेपासून बदललेला नाहीं. माल आजच्या भावानें मोजावा, खरेदीच्या आठवणीनें मोजूं नये. येण्याचे तीन वर्ग करावे आणि बुडीत तें बुडीत असें स्वच्छ लिहावें. घरांत गेलेला पैसा घराच्या नांवें टाकावा, मग तो मुलीच्या लग्नाचा असो वा पोराच्या शिक्षणाचा. देणें अखेरच्या पैपर्यंत लिहावें. आणि हें सर्व झाल्यावर दुसरा कागद घेऊन पुढील वर्षाचा बेहडा लिहावा : किती वसूल खात्रीचा, किती खर्च टळणार नाहीं, आणि विक्री बंद पडली तर किती महिन्यांची शिल्लक जवळ आहे. हा दुसरा कागद कोणतेंही सरकार मागत नाहीं. म्हणूनच तो बहुधा लिहिला जात नाहीं, आणि म्हणूनच तो लिहिणाऱ्या दुकानदारास आपलें दुकान पुढील दिवाळीस कसें दिसेल याची थोडीफार कल्पना असते.

पाडव्याच्या सकाळीं रविवार पेठेंत पुन्हां फळ्या निघतात. नव्या वहीच्या पहिल्या पानावर श्रीकार असतो, आणि त्याच्या खालीं पहिली रकम असते ती गेल्या वर्षाची ओढलेली बाकी.